नथ दिसेल इतकं नितळ तेल

मी तेल निवडलं ते त्यात माझी नथ दिसली म्हणून.

हा मूर्खपणा पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शहाणी समजायला नको. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, चौथी पास होते आणि कामरगावात माझ्याइतकी सुधारलेली बाई दुसरी नाही अशी माझी खात्री होती. नाकात तोळ्याची नथ आणि डोक्यात गुंजभर अक्कल. त्या नथीपायी मी स्वतः दवाखान्यात पडले, सासूला मरणाच्या दारात नेलं आणि एका कष्टाळू माणसाच्या तोंडाला काळं फासलं. दुसरी लढाई लागायच्या आधीच्या पावसाळ्यातली ही गोष्ट.

आता हे लिहिते आहे ते हौस म्हणून नाही. माझे पाय एकदा सुजले होते हे ऐकून पाय सुजलेल्या बायका अजून येऊन माझ्यापुढे बसतात आणि काय खाल्लं ते सोडून बाकी सगळं सांगतात. नवस सांगतात, नजर सांगतात, जावेचे टोमणे सांगतात. त्यांना मी ओळखते. मी तीच होते, फक्त जास्त बह्याड, म्हणजे ठार वेडी.

*

आमच्या घरी करडईचं तेल. घरात माणसं तिघं: मी, आमचे हे आणि सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची. घरची करडई कणगीत असायची. तेल संपत आलं की पोतंभर करडई गणबा तेल्याच्या घाण्यावर जायची आणि तिच्याबरोबर घरची एक बाई. तशी पद्धतच होती. करडई घाण्यात पडली की तेल निघेपर्यंत आपलं माणूस तिथून हलायचं नाही. तेल घरी यायचं, उरलेली पेंड, म्हणजे ढेप, घरी यायची, ढेप गुरं खायची.

हे बसण्याचं काम माझ्याकडे होतं आणि ते माझ्या योग्यतेचं नाही असं मला वाटायचं. माझी योग्यता म्हणजे मला जोडाक्षरांसकट सही करता यायची. डोळ्यांवर झापड बांधलेला बैल गोल गोल फिरतो आहे, घाणा करकरतो आहे, लुगड्याला तेलाचा वास चढतो आहे, आणि मी अकोल्याची मुलगी तिथे पोत्यावर बसून माश्या हाकलते आहे. माहेरी आम्ही दुकानातलं तेल खायचो. हे मी कामरगावात दिवसातून दोनदा सांगत असे. विचारत कुणीच नसे.

पोळा होऊन गेला होता. मी पोतं गाड्यात घालून घाण्याकडे निघाले, तर वाटेत विहिरीपाशी एक फेरीवाला टिनांची रांग लावून बसलेला. धान्य घ्यायचा, तेल द्यायचा. त्याने एका टिनाचं झाकण काढलं.

"पाहा बाई, मशीनचं तेल हाय. वास हाय का? घ्या वास. डाक्टर लोक हेच खातेत."

मी वाकले. तेल पिवळंधमक, तळापर्यंत नितळ.

"नथ पाहा तुमची," तो म्हणाला. "आरशात तरी दिसन का अशी?"

बस. त्याने माझी नथ पाहिली होती आणि मला वाटलं, मी तेल पाहते आहे. अर्धं पोतं करडई त्याच्या पुढ्यात ओतली आणि एक टिन गाड्यात ठेवला. उरलेलं अर्धं पोतं गणबाकडे नेलं, कारण ढेप नाही आणली तर आत्याबाई विचारणार.

"वैनी, आज अर्धंच पोतं?" गणबाने विचारलं.

"तुमाले कायले पायजे? दिलं तेवढं काढा," मी म्हणाले. साधं उत्तर द्यायला काय जात होतं? पण साधं बोलणं मला तेव्हा कमीपणाचं वाटे.

घरी आल्यावर तर मी कळसच केला. टिनातलं तेल खायच्या बरणीत भरलं, उरलेला टिन कणगीमागे लपवला, आणि गणबाच्या घाण्याचं ताजं तेल दिव्याच्या भांड्यात ओतलं. जे पोटात जायचं ते देवापुढे जळलं आणि जे दिव्यालाही घालू नये ते आम्ही पोटात घातलं. वर मी मनात म्हणते, घराचं आरोग्य सुधारलं.

*

तुम्हाला वाटेल, सासूने ओळखलं असेल. जुनी बाई, अनुभवी. मलाही तीच भीती होती. आत्याबाई तेल असं पारखायच्या की जणू सोनं पारखतात. थेंब जिभेवर, थेंब तळहातावर, हात चोळून वास, मग डोळे मिटून विचार. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले तेव्हा मी कणगीपुढे जाऊन उभी राहिले.

डोळे उघडून म्हणाल्या, "या खेपेले गणबानं झकास काढलं वो. असं तेल माह्या जल्मात नाई पाह्यलं."

एवढ्यावर थांबतील तर त्या आत्याबाई कसल्या? वाटीत तेल घेऊन मारुतीच्या पारावर गेल्या, चार माणसांपुढे गणबाला वाटी दाखवली आणि त्याची पाठ थोपटली. मी घरात भाकर थापत हसत होते. सासूला फसवल्याचा आनंद मला पंधरा दिवस पुरला. सोळाव्या दिवशी पोट बिघडलं.

आधी मला, मग आत्याबाईंना. पोट थांबलं तर पाय सुजले. पायांवर लाली आली, कातडी तटतटली, जोडव्यांच्या खाली बोटं फुगली आणि जोडवी साबण लावून काढावी लागली. आमच्या यांचे पाय थोडेच सुजले, कारण यांना भाजीपेक्षा ताक-भाकर प्यारी. जोडे घट्ट झाले तेव्हा हे चांभाराशी भांडून आले. घराणं तसं हुशारीत एकसारखंच.

मग सल्लागार आले. आजारी माणसाच्या घरी सल्लागार येतात तसे गुळाला मुंगळेही येत नाहीत. एकाने अंगारा दिला. एकाने माझा पायगुण काढला. वैद्य आले, नाडी धरून छताकडे पाहत बसले आणि म्हणाले, वात आहे, तेलाने चोळा. झालं! आमच्या चुलत सासूबाई, काकूबाई, बाह्या सरसावून आल्या आणि त्यांनी तेच तेल कोमट करून आम्हा दोघींच्या पायांना सकाळ-संध्याकाळ चोळलं. अशक्तपणा जावा म्हणून त्याच तेलात पुऱ्या तळल्या.

"खाय, माय, खाय," काकूबाई म्हणायच्या. "आंगात ताकद आली पायजे."

मी खाल्ल्या. दुसऱ्यांदा मागून खाल्ल्या. चांगलं तेल आहे, बाधायचं नाही, असं स्वतःला सांगत खाल्ल्या. त्या वेळच्या मला आज कुणी समोर आणून उभी केली तर मी तिच्या हातातली पुरी काढून घेईन आणि तिच्याच नथीला टांगीन.

*

आत्याबाईंना चार पावलं चालून धाप लागायला लागली तेव्हा यांनी कुणाचं ऐकलं नाही. गाडा जुंपला, आम्हाला कारंज्याला नेलं, तिथून छोट्या आगगाडीने मूर्तिजापूर आणि पुढे अमरावती. ती छोटी गाडी इतकी हळू चालायची की आत्याबाई धापा टाकत म्हणाल्या, "हिचेबी पाय सुजले काय वो?" हसायचं की रडायचं कळेना. मी दोन्ही केलं.

अमरावतीच्या बायकांच्या दवाखान्यात आम्हाला शेजारी शेजारी खाटा मिळाल्या. डॉक्टरीणबाईंनी माझ्या नडगीवर बोट दाबलं आणि उचललं. खड्डा तसाच राहिला, ओल्या मातीत बकरीचं खूर रुतावं तसा. आत्याबाईंच्या पायात तर तो कितीतरी वेळ भरेना. मग त्यांनी छातीला नळी लावून ऐकलं, आणि त्यांचा चेहरा बदललेला मला दिसला.

"शिकत असताना कलकत्त्याला असे रोगी मी पाहिले आहेत," त्या म्हणाल्या. "घरातले सगळे एकदम सुजतात. बहुतेक तेलातून येतं हे. कोणतं तेल खाता?"

आता बोलायचं होतं. एका वाक्याचं काम होतं.

माझ्या आधी आत्याबाई बोलल्या. धाप लागलेली, तरी मान ताठ. "आमच्या घरची करडई, बाई. गणबाचा घाना. माही सून सोता बसते घान्यापाशी."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही स्वतः बसता?"

"हो," मी म्हणाले.

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले आहे. तिन्हीसांजेला केर काढला आणि नाही म्हणून सांगितलं, लाडू खाल्ला आणि मांजरावर घातला. पण त्या एका 'हो'इतकं स्वस्त आणि नीच मी कधी बोलले नाही.

"मग त्या घाण्यात दुसरं कसलं तरी बी मिसळलं असणार," डॉक्टरीणबाई आमच्या यांना म्हणाल्या. "त्याचं तेल आजपासून बंद. गावालाही सांगा. दुसरं चांगलं तेल असेल तर थोडं चालेल."

हे त्याच दिवशी कामरगावला गेले आणि सांगितलं. गावाने गणबाचा घाणा बंद पाडला. बैल सोडून दिला. पारावर ज्यांच्यापुढे त्याची पाठ थोपटली होती त्यांनीच त्याला विष घालणारा म्हटलं. परत आल्यावर आमचे हे मला सगळं सांगत होते आणि मी खाटेवर पडून छताचे वासे मोजत होते.

गप्प का बसले? सांगते, कारण तुमच्यातली एखादी आज याच कारणासाठी गप्प असेल. मला माहेरी पाठवून देतील याची भीती होती. सासूला विष घातलं म्हणतील, आणि मग अकोल्याला बापाच्या दारात कायमची बसेन. सासू मरेल याची भीती त्याहून लहान होती असं नाही. पण एक भीती आज खरी होणार होती आणि दुसरी उद्या. मी उद्याची निवडली.

*

दवाखान्याचा दिवस घंटेने उठायचा. मार्थाबाई नावाच्या नर्स होत्या, आवाज फौजदाराचा आणि हात मावशीचा. त्या काचेची नळी तोंडात घालायच्या आणि ती काढेपर्यंत बोलायचं नाही म्हणायच्या. मला वाटायचं, ही नळी जन्मभर तोंडात राहिली असती तर किती भलं झालं असतं. मग पायांवर बोट दाबून खड्डा बघायचा. मग दूध. मीठ नाही. अळणी वरणाची चव काय सांगू, लग्नाच्या पंगतीत न बोलावता गेल्यासारखी.

पाय आगीसारखे भाजायचे. मार्थाबाई ओलं फडकं गुंडाळायच्या आणि वर रागवायच्या, "कण्हू नका, बाजूच्या बाईला बाळ झालं आहे." एकदा मी रडत होते तेव्हा मार्थाबाई आल्या. माझी वेणी सोडून पुन्हा घातली, घट्ट, आणि गेल्या. त्या वेणीचा आधार मला आठ दिवस पुरला. आजारपणात माणसाला मोठ्या उपकारांची गरज नसते. आणि मोठे उपकार करणारे बहुधा त्याबद्दल बोलत बसतात.

माझे पाय उतरू लागले. आत्याबाईंचे उतरेनात. उशीला टेकून बसल्या तरच श्वास यायचा. त्या तशा बसून मलाच धीर द्यायच्या.

"रडते कायले, पोट्टे? गणबाले देव पाह्यन."

देवाने जिला पाहायला हवं होतं ती शेजारच्या खाटेवर होती.

*

मग काकूबाई आल्या. आमच्यासाठी धर्मशाळेत रांधायला त्या गावाहून आल्या होत्या. हसतमुखाने आल्या, हातात भाजीचा डबा, पदराखाली आणखी काही.

"अवं शेवंते, लबाड हायेस तू," त्यांनी माझ्या खाटेशी येऊन डोळे मिचकावले. "गणबाचं तेल फेकून देलं म्या सारं. मनात म्हनलं आता करू काय? तं कनगीमागं हे सापडलं!"

पदराखालून त्यांनी तांब्या काढला. आत तेल: पिवळंधमक, नितळ.

"टिन लपवून ठेवला पोट्टीनं. माहेरचं असन. याच्यातच भाजी केली पाह्य आज. वैनीले दोन घास बरे जातीन."

आणि डबा उघडून त्यांनी आत्याबाईंच्या हातात घास दिला.

मला वाटत होतं, असल्या वेळी माणूस काहीतरी मोठं बोलतं. मी नुसती किंचाळले. "खाऊ नका, आत्याबाई! तेच हाय ते! तेच तेल हाय!"

बाजूचं बाळ रडायला लागलं. आत्याबाईंचा हात तोंडापाशी थांबला.

"काय तेच?" त्या म्हणाल्या.

मग मी सांगितलं. फेरीवाला, अर्धं पोतं, बरणी, दिव्याचं भांडं, सगळं. नथीचं सांगायची लाज वाटत होती, तेही सांगितलं. हे दारात उभे होते. मार्थाबाईंनी आत्याबाईंच्या हातातला घास काढून घेतला आणि डबा, तांब्या उचलून डॉक्टरीणबाईंकडे नेला. डॉक्टरीणबाईंनी काचेच्या नळीत ते तेल घेतलं, त्यात कसलंसं पाणी टाकलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत ते नितळ तेल शेंदरासारखं झालं.

"पिवळ्या धोत्र्याचं बी," त्या म्हणाल्या. "बांधावर उगवतो ना, काटेरी पानांचा, तो. त्याच्या बियांचं तेल यात मिसळलं आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी पहिल्या दिवशी विचारलं होतं."

एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आमचे हे दारातूनच मागे वळले. तसेच स्टेशनावर गेले, गावाला गेले आणि पारावर उभं राहून सांगितलं की दोष गणबाचा नाही, माझ्या बायकोचा आहे. काकूबाई आपल्या पुऱ्या आठवून डोक्याला हात लावून बसल्या. आत्याबाईंनी तीन दिवस माझ्याकडे पाठ केली. चौथ्या दिवशी भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या, "वो, पानी दे." मी उठून दिलं. त्यांनी भांडं रिकामं करून परत दिलं आणि म्हणाल्या, "माह्या जिभेलेबी आग लावा आता. झकास म्हने!"

ते ऐकून मला हसू फुटलं. मग त्यांनाही. हसताना त्यांना धाप लागली आणि मार्थाबाई आम्हा दोघींवर ओरडल्या.

*

आणखी महिनाभर आम्ही तिथे होतो. आत्याबाई वाचल्या. पुढे सात वर्षं जगल्या, पण हृदय कमजोर झालं ते झालंच. विहिरीपर्यंत त्या पुन्हा कधी चालत गेल्या नाहीत. मला कुणी माहेरी पाठवलं नाही. ज्या भीतीसाठी मी एका माणसाचा घाणा बंद पाडला, ती भीती पोकळ निघाली. तशी नसती निघाली तरी गप्प बसणं बरोबर ठरलं नसतं, हे वेगळं सांगायला नको.

तेलाबद्दल विचाराल तर माझ्याकडे मंत्र नाही. जीभ फसते, नाक फसतं, माझी सासू फसली. नातसून डब्यावरचं फूल बघून तेल आणते आणि म्हणते, "आजी, किती स्वच्छ!" मी म्हणते, स्वच्छ तर तेही होतं. कुठून आलं, कुणी काढलं, कशाचं काढलं, हे विचार. आणि ज्याला विचारशील तो पुन्हा दारात सापडेल असा असू दे. तो फेरीवाला मला पुन्हा कधी दिसला नाही. आणि पाय सुजले, खड्डा पडायला लागला, घरातल्या दोघातिघांचं एकदम झालं, तर अंगारे नंतर. आधी तेल बाजूला ठेवा, दवाखाना गाठा आणि काय खाल्लं ते खरं सांगा. लाजेने मेलेल्या माणसाला कुणी शहाणं म्हणत नाही.

*

गावी परतल्यावर दुसऱ्या सकाळी मी पोतंभर करडई गाड्यात घातली आणि गणबाकडे गेले. आख्खं पोतं. घाणा पुन्हा सुरू झाला होता, पण दारात दुसऱ्या कुणाचं पोतं नव्हतं. गणबा बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि काम चालू ठेवलं.

मी पाठ करून आणलेलं सगळं विसरले. म्हणाले, "गणबादादा, तुमी एकदाबी कसे म्हनले नाई, का मी अर्धंच पोतं आणलं होतं? तुमी बोलले असते तं मी पकडल्या गेली असती." मग मी पदर पुढे घेतला आणि त्याच्या पायाशी वाकले.

तो दोन पावलं मागे सरला. म्हणाला:

"वैनी, पाया नका पडू. तुमच्या सासूनं, काकीनं, पारावर वाटी दाखवली, तवाच म्या वळखलं का हे तेल माह्या घान्याचं नाई. पन चार मान्सांत कवतिक झालं, अन् मले ते गोड लागलं. मंग पुढं कोन्या तोंडानं बोलू? त्या रोजी म्या 'हे माहं नोहे' येवढंच म्हनलं असतं, तं काकी आज तुमच्यासंगं चालत आल्या असत्या."